अमेरिकेत खासगी वैमानिकाचं इन्स्ट्रुमेंट रेटिंग: बदललेले नियम आणि सुरुवात कुठून करायची

अमेरिकेत नोकरीनिमित्त आलेली बरीच मराठी मंडळी हल्ली हौसेने प्रायव्हेट पायलटचा परवाना काढतात. परवाना हातात येतो, घरच्यांना वरून आपलं गाव दाखवून होतं, आणि मग पहिला लांबचा बेत आखला की ढग आडवे येतात. नुसत्या परवान्यावर डोळ्यांना दिसेल तिथेच जाता येतं. दहा हजार फुटांखालच्या नेहमीच्या, क्लास ई या वर्गातल्या आकाशात किमान ३ मैल दृश्यमानता लागते. शिवाय ढगांपासून ५०० फूट खाली, १,००० फूट वर किंवा २,००० फूट बाजूला राहावं लागतं. सॅन फ्रान्सिस्को बेच्या आसपास राहणाऱ्यांना ठाऊक आहे की उन्हाळ्यात समुद्रावरून येणारा ढगांचा पातळ थर सकाळी दहा-अकरापर्यंत हटत नाही. वर लख्ख ऊन असतं आणि खाली तुमचं विमान दोर बांधून उभं असतं.

यावर उपाय म्हणजे इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे बाहेरचं काही दिसत नसताना केवळ उपकरणं बघून उडायची परवानगी. त्याच्या नियमांत गेल्या काही वर्षांत बरेच बदल झाले आहेत, आणि क्लबातले अनुभवी लोक अनेकदा आपल्या काळचे नियम सांगतात. म्हणून एफएएचे, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाचे, आजचे नियम धरून, हातात नुकताच परवाना आलेल्या माणसाने कोणत्या क्रमाने काय करावं, ते इथे सविस्तर देतो आहे.

हे रेटिंग कशासाठी, हे आधी नीट समजून घ्या

ढगात शिरल्यावर अडचण डोळ्यांची असते, तशीच कानाचीही असते. अंतर्कर्णातल्या अर्धवर्तुळाकार नलिकांत द्रव असतो. मान वळली की तो मागे रेंगाळतो आणि त्यावरून मेंदूला वळण कळतं. पण विमान एकसारख्या गतीने वळत राहिलं, तर थोड्याच वेळात द्रवही त्या गतीने फिरू लागतो आणि वळण जाणवेनासं होतं. मग पंख सरळ केले की विरुद्ध बाजूला वळतोय असं वाटतं. स्टेशनात शेजारची लोकल सुटली की आपलीच गाडी हलली असं वाटतं, तसंच हे. फरक इतकाच की इथे खिडकीबाहेर पाहून खात्री करून घ्यायची सोय नसते.

१९५४ साली इलिनॉय विद्यापीठात एक प्रयोग झाला. इन्स्ट्रुमेंट उड्डाणाचा अनुभव नसलेल्या वीस जणांना बाहेरचं काही दिसणार नाही अशा स्थितीत विमान चालवायला दिलं. विसाच्या वीस जणांचा ताबा सुटला, आणि त्याला सरासरी १७८ सेकंद लागले. म्हणजे तीन मिनिटंही नाहीत. १६ जुलै १९९९ च्या रात्री जॉन एफ. केनेडी ज्युनियर आपलं पायपर साराटोगा घेऊन मार्थाज व्हिनयार्डकडे निघाले होते. धुरकट हवा, खाली काळं पाणी, क्षितिज दिसत नव्हतं. दिशाभ्रम होऊन विमानावरचा ताबा सुटला, असा निष्कर्ष अमेरिकेच्या अपघात तपास मंडळाने काढला. त्यांचा इन्स्ट्रुमेंटचा अभ्यासक्रम तेव्हा अर्ध्यावर होता. २५ पैकी १२ पाठ पूर्ण झाले होते.

अर्धं शिक्षण पुरत नाही, आणि शिकून विसरलेलंही पुरत नाही. म्हणून सगळ्या नवख्यांना माझं एकच आग्रहाचं सांगणं असतं: रेटिंग मिळवायचा बेत आखायच्या आधी ते टिकवायची सोय करा. पुढचा सगळा क्रम मी त्याच हिशेबाने लावला आहे.

नियम कसे बदलत गेले

फार जुनी गोष्ट सांगायची तर एकेकाळी या रेटिंगसाठी एकूण २०० तासांचा अनुभव लागायचा. पुढे तो १२५ तासांवर आला, आणि १९९७ मध्ये एफएएच्या नियमांतला वैमानिकांच्या परवान्यांचा भाग ६१ नव्याने लिहिला गेला तेव्हा एकूण तासांची अट निघूनच गेली. त्यामुळे "आधी सव्वाशे तास होऊ दे, मग बघू" असं कोणी म्हणालं तर ते मनावर घेऊ नका. परवाना मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी प्रशिक्षण सुरू करता येतं.

२०१६ मध्ये दोन गोष्टी झाल्या. एफएएने मान्यता दिलेल्या प्रगत सिम्युलेटरवरचे २० तासांपर्यंत आणि साध्या मान्यताप्राप्त सिम्युलेटरवरचे १० तासांपर्यंत या रेटिंगसाठी धरायला परवानगी मिळाली. त्याच वर्षी चेकराइडची, म्हणजे परीक्षकासमोरच्या अंतिम परीक्षेची, जुनी मानकं जाऊन एसीएस नावाची नवी मानकं आली. त्यात हाताचं कौशल्य, ज्ञान आणि धोका ओळखण्याची समज या तिन्ही गोष्टी प्रत्येक कामाखाली स्वतंत्रपणे मांडलेल्या आहेत. सध्याची आवृत्ती ३१ मे २०२४ पासून लागू आहे.

२०१८ चा बदल मला सगळ्यात मोलाचा वाटतो. रेटिंग चालू ठेवण्याचा सराव सिम्युलेटरवर करायचा असेल, तर पूर्वी शेजारी प्रशिक्षक लागायचा. टेबलावरच्या लहान सिम्युलेटरना वेगळ्या, जाचक मुदतीही होत्या. आता मान्यताप्राप्त सिम्युलेटरवर तुम्ही एकट्याने बसून केलेला सराव विमानातल्या सरावासारखाच धरला जातो. नोकरी करणाऱ्या, लहान मुलं असणाऱ्या माणसाला हे रेटिंग खऱ्या अर्थाने परवडू लागलं ते या बदलामुळे. पैशांइतकाच त्यात वेळही वाचतो.

पायरी १: तुम्ही अमेरिकन नागरिक नसाल तर आधी टीएसए

एच-१बी असो की ग्रीन कार्ड, नागरिकत्व नसेल तर इन्स्ट्रुमेंट रेटिंगच्या प्रशिक्षणासाठी टीएसएची, म्हणजे अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा विभागाची, मंजुरी लागते. प्रायव्हेटच्या वेळी घेतली होती, आता पुन्हा कशाला, असं बऱ्याच जणांना वाटतं. जुन्या पद्धतीत प्रत्येक टप्प्यासाठी वेगळी मंजुरी लागायची: पहिल्या परवान्याची वेगळी, इन्स्ट्रुमेंटची वेगळी, दोन इंजिनांच्या विमानाची वेगळी. ३० जुलै २०२४ पासून नियम बदलला. आता मंजुरी मुदतीची असते, कमाल पाच वर्षांची, आणि त्या काळात वेगवेगळे टप्पे तिच्यावर करता येतात. तुमची मंजुरी जुन्या पद्धतीची असेल, तर ती इन्स्ट्रुमेंटला चालणार नाही.

टीएसएच्या पोर्टलवर नाव नोंदवा, पासपोर्ट आणि इमिग्रेशनची कागदपत्रं चढवा, बोटांचे ठसे द्या. पोर्टलवरचं नाव, पासपोर्टवरचं नाव आणि एफएएच्या परवान्यावरचं नाव अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. आपल्याकडे पासपोर्टात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधलं नाव म्हणून असतं आणि इतर कागदांवर ते गळालेलं असतं. अर्ज अडकायला एवढं पुरतं. प्रशिक्षकाची वेळ ठरवण्याआधी हे काम उरका, कारण मंजुरी नसताना तो तुम्हाला एक तासही शिकवू शकत नाही.

पायरी २: वैद्यकीय

थर्ड क्लास मेडिकल, म्हणजे खासगी वैमानिकाचं नेहमीचं वैद्यकीय प्रमाणपत्र, चालू असेल तर इथे थांबायचं कारण नाही. बेसिकमेडवर, म्हणजे त्याऐवजीच्या सोप्या वैद्यकीय पद्धतीवर, असाल तरी इन्स्ट्रुमेंट उड्डाण करता येतं, १८,००० फुटांपर्यंत आणि २५० नॉट वेगापर्यंत. १२ नोव्हेंबर २०२४ पासून बेसिकमेडवर १२,५०० पौंड वजनापर्यंतचं आणि एकूण सात जण बसतील असं विमान चालतं. आधी ही मर्यादा ६,००० पौंड आणि सहा जणांची होती.

पायरी ३: जोडीदार आणि सिम्युलेटर शोधा

ही पायरी बहुतेक जण शेवटी ठेवतात. माझ्या मते ती प्रशिक्षक शोधण्याच्याही आधी यायला हवी.

हूड किंवा फॉगल्स (बाहेरचं दिसू न देणारी झडप किंवा चष्मा) घालून सराव करताना बाहेर लक्ष ठेवायला शेजारी सेफ्टी पायलट लागतो. त्याच्याकडे किमान प्रायव्हेट परवाना आणि त्या प्रकारच्या विमानाचं रेटिंग हवं. स्वच्छ हवेत सराव असेल तर त्याला इन्स्ट्रुमेंट रेटिंग असण्याची गरज नाही. विमानात दोघांसाठी कंट्रोल हवेत आणि सेफ्टी पायलटची वैद्यकीय पात्रता चालू हवी. डिसेंबर २०२२ पासून बेसिकमेडवाला वैमानिक पायलट इन कमांडची, म्हणजे उड्डाणाच्या मुख्य वैमानिकाची, जबाबदारी न घेताही सेफ्टी पायलट होऊ शकतो. त्याआधी हे चालत नव्हतं, आणि क्लबातले कित्येक ज्येष्ठ वैमानिक केवळ त्यामुळे या कामाला बाद ठरायचे. आता त्यांना विचारा. बहुतेक जण आनंदाने येतात.

तुमच्यासारखाच इन्स्ट्रुमेंट शिकणारा एक जोडीदार मिळाला तर दोघांचाही फायदा. तो हूडखाली असताना तुम्ही बाहेर बघायचं, परतताना उलट. भाडं अर्धं-अर्धं. त्यातही दुसऱ्याला शेजारी बसून बघताना अप्रोच (उपकरणांवरून धावपट्टीकडे उतरत येण्याची ठरलेली पद्धत) जितका कळतो, तितका स्वतः घामाघूम होऊन उडवताना कळत नाही.

सिम्युलेटर शोधताना एकच प्रश्न विचारा: याला एफएएचं मान्यतापत्र आहे का, आणि ते प्रगत प्रकाराचं आहे की साध्या? पत्राची प्रत सिम्युलेटरजवळ असते. ती वाचा, मुदत बघा. घरच्या कॉम्प्युटरवर लावलेला खेळ सरावाला उत्तम आहे, पण तो लॉगबुकात धरता येत नाही.

पायरी ४: पन्नास तासांचं क्रॉस-कंट्री

भाग ६१ खाली शिकणाऱ्याला पायलट इन कमांड म्हणून ५० तासांचं क्रॉस-कंट्री लागतं, त्यातले किमान १० तास एअरप्लेनमध्ये (हेलिकॉप्टर वगैरेत नव्हे). निघालेल्या विमानतळापासून सरळ रेषेत ५० नॉटिकल मैलांपेक्षा लांब कुठेतरी एकदा तरी उतरलं की ते उड्डाण यात धरलं जातं. ४८ मैलांवरच्या लाडक्या विमानतळावरचा नाश्ता यात बसत नाही. म्हणून परवाना मिळाल्यापासून दर वेळी थोडं लांबचं ठिकाण निवडा.

भाग १४१ च्या मान्यताप्राप्त शाळेत या ५० तासांची अट नाही आणि इन्स्ट्रुमेंटचे तासही ४० ऐवजी ३५ लागतात. पण तिथे अभ्यासक्रम शाळेच्या आखणीने पुढे जातो. पूर्णवेळ शिकणाऱ्याला ते सोयीचं आहे. ऑफिस सांभाळून शनिवार-रविवार शिकणाऱ्याला मी भाग ६१ सुचवतो, कारण तिथे जोडीदाराबरोबर केलेले तास धरले जातात.

पायरी ५: लेखी परीक्षा लवकर द्या

६० प्रश्न, अडीच तास, उत्तीर्ण व्हायला ७० टक्के, फी १७५ डॉलर. निकाल २४ कॅलेंडर महिने चालतो. परीक्षेला बसायला प्रशिक्षकाची सही लागते. प्रश्नपेढी पाठ करून ९५ टक्के मिळवता येतात, पण चुकलेल्या विषयांचे कोड निकालपत्रावर छापून येतात आणि परीक्षक तोंडी परीक्षेत तेच विचारतो. एफएएची हस्तपुस्तकं मोफत उतरवून घेता येतात. आधी ती वाचा, प्रश्नपेढी नंतर.

दोन नियम तर झोपेतून उठवलं तरी सांगता आले पाहिजेत. पहिला पर्यायी विमानतळाचा. पोहोचण्याच्या वेळेच्या एक तास आधीपासून एक तास नंतरपर्यंत ढगांचा तळ २,००० फुटांपेक्षा खाली किंवा दृश्यमानता ३ मैलांपेक्षा कमी असेल असा अंदाज असेल, तर पर्यायी विमानतळ फ्लाइट प्लॅनमध्ये द्यावाच लागतो. दुसरा इंधनाचा: ठरलेल्या ठिकाणापर्यंत, तिथून पर्यायी विमानतळापर्यंत, आणि वर ४५ मिनिटं पुरेल एवढं.

पायरी ६: चाळीस तास

एकूण ४० तास इन्स्ट्रुमेंटचे, खऱ्या ढगातले किंवा हूडखालचे. त्यातले किमान १५ तास इन्स्ट्रुमेंट शिकवायची पात्रता असलेल्या प्रशिक्षकाबरोबर. चेकराइडच्या महिन्याआधीच्या दोन कॅलेंडर महिन्यांत विमानातलं ३ तासांचं प्रशिक्षण झालेलं हवं.

हे तास वाटायचे कसे? पहिले दहा-बारा तास प्रशिक्षकाबरोबर विमानात आणि सिम्युलेटरवर आलटून-पालटून घ्या. होल्डिंग (वाट बघत ठराविक जागी घिरट्या घालणं), अप्रोचचा क्रम, रेडिओ हे सगळं सिम्युलेटरवर शिका, कारण तिथे थांबता येतं. विमान मध्येच थांबवून "आता इथे काय चुकलं?" असं विचारता येत नाही. सिम्युलेटरचे तास रेटिंगसाठी धरायचे असतील तर तिथे प्रशिक्षक हवाच. एकट्याने बसायची सवलत रेटिंग मिळाल्यानंतरच्या सरावाला आहे. लोक या दोन गोष्टींत फार गोंधळ करतात.

हूडखालचा पहिला तास कसा जातो, ते सांगतो. समोर फक्त पॅनेल. प्रशिक्षक म्हणतो, उजवीकडे स्टँडर्ड रेटने वळ, म्हणजे सेकंदाला तीन अंश, दोन मिनिटांत पूर्ण चक्कर. तुम्ही वळता, नजर अल्टिमीटरवर खिळते, कारण शंभर फूट खाली गेलेलं असतं. ते सावरेपर्यंत बँक, म्हणजे पंखांचा कल, वाढलेला असतो. बँक कमी करता, तर हेडिंग (दिशा) पुढे निघून गेलेलं. प्रत्येक उपकरणावर नजर अर्धा सेकंद ठेवायची आणि परत अ‍ॅटिट्यूड इंडिकेटरवर (विमानाचा कल दाखवणाऱ्या उपकरणावर) यायचं, ही लय बसेपर्यंत सगळं मागून धावल्यासारखं होतं. या तासानंतर खूप जण नाउमेद होतात. होऊ नका. चार-पाच धड्यांत हात हलके पडायला लागतात. ज्या दिवशी तुम्ही योक (विमानाचं हँडल) दोन बोटांनी धरून रेडिओवर बोलू शकाल, त्या दिवशी पाया बसला म्हणून समजा.

रेडिओचंही तसंच. आयएफआर क्लिअरन्स, म्हणजे उपकरणांवरच्या उड्डाणाची परवानगी, मिळताना हवाई नियंत्रणातला कंट्रोलर झरझर वाचतो. कागदावर आधीच उभी पाच अक्षरं लिहून ठेवा, सी, आर, ए, एफ, टी: कुठपर्यंत, कोणत्या मार्गाने, किती उंचीवर, पुढची फ्रिक्वेन्सी कोणती, ट्रान्सपाँडरचा (रडारला विमानाची ओळख देणाऱ्या यंत्राचा) कोड काय. प्रत्येक अक्षरापुढे जागा सोडा आणि फक्त ती भरा. मग तसंच परत वाचून दाखवा. एखादी गोष्ट निसटली तर सरळ पुन्हा मागा. आपल्या उच्चारांचा संकोच वाटून अर्धवट ऐकलेल्यावर "रॉजर" म्हणणं हे या सगळ्यात सर्वांत धोक्याचं आहे. कंट्रोलर दिवसभर जगभरचे उच्चार ऐकत असतो.

आणि एक विनंती: प्रशिक्षकाकडे खऱ्या ढगात न्यायचा हट्ट धरा. हूडच्या कडेने थोडा उजेड दिसतो, सावली हलताना कळते, आणि मेंदू तेवढ्यावर गुपचूप तोल सावरतो. ढगात तसला आधार नसतो. काही जण एकही ढग न बघता चेकराइड पास होतात. नियमात ते बसतं, पण मला ते पटत नाही.

पायरी ७: अडीचशे मैलांचं उड्डाण

प्रशिक्षकाबरोबर, फ्लाइट प्लॅन भरून, हवाई मार्गांनी किंवा एटीसीने (हवाई वाहतूक नियंत्रणाने) दिलेल्या मार्गाने २५० नॉटिकल मैल. प्रत्येक विमानतळावर एक अप्रोच, आणि तीन वेगवेगळ्या प्रकारचे अप्रोच. आयएलएस (धावपट्टीजवळच्या रेडिओ संकेतांवरचा), व्हीओआर (जमिनीवरच्या रेडिओ केंद्रावरचा) आणि जीपीएसवरचा आरनॅव्ह, असे तीन सरळ निवडा म्हणजे परीक्षकासमोर वाद उरत नाही. व्हीओआर केंद्रं एफएए हळूहळू कमी करत आहे, त्यामुळे जो निवडाल तो अजून चालू आहे ना, हे त्या दिवसाच्या नोटॅममध्ये (वैमानिकांसाठीच्या सूचनांत) बघून घ्या.

पायरी ८: चेकराइड

तोंडी आणि उड्डाण, बहुधा दोन्ही एकाच दिवशी. उंची १०० फुटांच्या आत, हेडिंग १० अंशांच्या आत, वेग १० नॉटच्या आत. शेवटच्या टप्प्यात मार्ग दाखवणारी सुई पाऊण स्केलपेक्षा बाहेर जाता कामा नये. किमान उंचीवर शंभर फूट वर चालतं, एक फूटही खाली चालत नाही.

परीक्षक उपलब्ध नसणं ही अनेक भागांत मोठी अडचण आहे. तारीख प्रशिक्षण संपायच्या बरीच आधी मागा. विमानाची कागदपत्रं आदल्या आठवड्यात तपासा: पिटो-स्टॅटिकची (वेग आणि उंची मोजणाऱ्या यंत्रणेची) आणि ट्रान्सपाँडरची तपासणी गेल्या २४ कॅलेंडर महिन्यांतली हवी, व्हीओआरची गेल्या ३० दिवसांतली. भाड्याच्या विमानात व्हीओआर तपासणीची नोंद हमखास राहून गेलेली असते. ती कोणताही वैमानिक करू शकतो, म्हणून स्वतः करून सही करा.

पायरी ९: रेटिंग मिळालं, आता सहा महिन्यांचा हिशेब

अमेरिकेत हे रेटिंग एकदा मिळालं की आयुष्यभर कार्डावर राहतं. वापरायचा हक्क मात्र सरावावर अवलंबून असतो. उड्डाणाच्या महिन्याआधीच्या सहा कॅलेंडर महिन्यांत सहा अप्रोच, होल्डिंग, आणि कोर्स (मार्ग) पकडून त्यावर राहणं, एवढं झालेलं हवं.

उदाहरण घेऊ. सगळे सहा अप्रोच तुम्ही १२ जानेवारीला केले. तर ३१ जुलैपर्यंत तुम्ही आयएफआर उडू शकता. १ ऑगस्टपासून ढगात जाता येणार नाही, पण ३१ जानेवारीपर्यंत स्वच्छ हवेत सेफ्टी पायलट घेऊन किंवा सिम्युलेटरवर तेच सहा अप्रोच करून हक्क परत मिळवता येतो. या काळात सरावासाठी आयएफआर फ्लाइट प्लॅन भरू नका, कारण तो भरायला पायलट इन कमांडचा सराव चालू असावा लागतो. ती तारीखही उलटली तर मग आयपीसी, म्हणजे प्रशिक्षकासमोर पुन्हा परीक्षा.

लॉगबुकात नुसतं "६ अप्रोच" लिहून भागत नाही. ठिकाण, अप्रोचचा प्रकार आणि सेफ्टी पायलटचं नाव हवं. हूडखालचा अप्रोच किमान उंचीपर्यंत नेलेला असेल तरच तो धरायचा.

माझा सल्ला: सहा अप्रोच सहाव्या महिन्यात कोंबू नका. महिन्यातला एक ठराविक संध्याकाळचा तास सिम्युलेटरला द्या, दोन अप्रोच आणि एक होल्डिंग. तिसऱ्या पायरीत शोधलेला जोडीदार आणि तो सिम्युलेटर आता कामाला येतात. सिम्युलेटरवर अ‍ॅटिट्यूड इंडिकेटर बंद पडल्याचा प्रसंग लावा, मिस्ड अप्रोच (न उतरता पुन्हा वर जाणं) दर वेळी पूर्ण करा. विमानात पैसे वाचवायला आपण मिस्ड अप्रोचचा पहिला टप्पाच करतो, आणि नेमका तोच भाग खरी वेळ आल्यावर अडतो.

कायद्याने तुम्ही चेकराइडच्या दुसऱ्या दिवशी २०० फुटांवरच्या ढगांतून आयएलएसवर उतरू शकता. खासगी उड्डाणाला टेकऑफची किमान दृश्यमानताही ठरवून दिलेली नाही. तुमची मर्यादा तुम्ही ठरवा, कागदावर लिहा, घरच्यांना दाखवा. पहिल्या वर्षी ढगांचा तळ १,००० फूट आणि दृश्यमानता ३ मैल, याखाली मी कोणाला जा म्हणणार नाही. आणि हे रेटिंग सगळ्या हवामानाचं उत्तर नाही. न्यू जर्सी किंवा मिशिगनच्या हिवाळ्यात ढग म्हणजे बहुधा पंखांवर बर्फ, आणि भाड्याच्या लहान सेस्ना विमानाला त्यातून जायची परवानगीच नसते. टेक्सासच्या उन्हाळी दुपारी उठणाऱ्या वादळी ढगांना वीस मैलांवरून वळसा घालायचा, मग हातात कोणतंही रेटिंग असो.

देश बदलणाऱ्यांसाठी

ब्रिटनमध्ये असाल तर तिथली सोय निराळी आहे. जुन्या आयएमसी रेटिंगचं आजचं रूप म्हणजे आयआर-आर: १५ तासांचं प्रशिक्षण, २५ महिन्यांची मुदत, क्लास ए आकाशात मनाई, आणि ब्रिटनबाहेर चालत नाही. युरोपीय संघात ८ सप्टेंबर २०२१ पासून बेसिक इन्स्ट्रुमेंट रेटिंग सुरू झालं. त्यात तासांची किमान अट नाही, टप्प्याटप्प्याने क्षमता सिद्ध करायची. त्याऐवजी अप्रोचच्या किमान उंचीत २०० फूट वाढवून धरावे लागतात, दृश्यमानता किमान १,५०० मीटर लागते आणि दर वर्षी मुदत वाढवून घ्यावी लागते. ब्रिटन तोवर संघाच्या विमान नियमांतून बाहेर पडलं होतं, त्यामुळे तिथे ते लागू झालं नाही.

भारतात परतणाऱ्यांनी दोन गोष्टी करायच्या. व्हीटी, म्हणजे भारतीय, नोंदणीच्या विमानासाठी डीजीसीएचाच (भारताच्या विमान वाहतूक नियामकाचा) परवाना लागतो, एफएएचं कार्ड दाखवून भागत नाही. त्यामुळे लॉगबुकाची प्रत्येक पानागणिक स्पष्ट स्कॅन प्रत, प्रशिक्षकांच्या सह्या आणि त्यांचे परवाना क्रमांक निघण्याआधी जमवा. मागाहून पुण्यातून ईमेल करून हे मिळवणं फार जिकिरीचं होतं. दुसरं म्हणजे एफएएकडे पत्ता बदलून भारतातला दिलात आणि अमेरिकेतला पत्ता राहिला नाही, तर ७ जुलै २०२५ पासून अमेरिकेत तुमच्या वतीने कागदपत्रं स्वीकारणारा एजंट नोंदवणं बंधनकारक आहे. तो नोंदवलेला नसेल तर एफएएचा परवाना आणि त्यावरचं रेटिंग वापरता येत नाही, अगदी सुट्टीत अमेरिकेत येऊन भाड्याने विमान घेतलं तरी.